चर्मकाराच्या घरी निर्वात साचा : परवडणाऱ्या साधनांची निवड

(भंडारा जिल्ह्यातील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



भंडारा जिल्ह्याचे नाव निघाले की पितळेची भांडी आठवतात, टसरचे कापड आठवते, वैनगंगेच्या खोऱ्यातला धान आठवतो. रापी, आरी आणि कलबूत यांच्या आधारावर पिढ्यान्‌पिढ्या प्रपंच चालविणारा चर्मकार मात्र सहसा कुणाला आठवत नाही. मोटेची जागा विजेच्या पंपाने घेतली, चामडी जोड्याची जागा रबर-प्लॅस्टिकच्या चपलेने घेतली आणि त्याच्याकडे बव्हंशी दुरुस्तीचे काम तेवढे उरले. या कारागिराला नवे काम मिळवून द्यावयाचे, तर आजच्या ग्राहकाला हव्या असलेल्या वस्तू त्याच्या हातून निघाल्या पाहिजेत. चष्म्याचे घर, विळ्याचे म्यान, वीजतंत्र्याच्या पकडीचे कमरेला लावावयाचे पाकीट, अशा आकार दिलेल्या चामड्याच्या वस्तूंना मागणी आहे. असा आकार देण्याची एक सुबक पद्धत म्हणजे निर्वात, म्हणजेच व्हॅक्युम पद्धत. ती घरच्या घरी कोणत्या साधनांनी परवडेल, एवढाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

हा विषय केवळ कारागिराचा नाही, आपलाही आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत चर्मकाम व पादत्राणे यांचा समावेश आहे. ग्रामीण भागात अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे असते. अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाख रुपयांपर्यंत कर्ज, अशी तीत तरतूद आहे. आपल्या राज्यात १९७४ साली स्थापन झालेले चर्मोद्योग विकास महामंडळ, आजचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, हेही याच वर्गासाठी आहे. तेव्हा पैशाची वाट अगदीच बंद नाही. परंतु एक लाखाचे कर्ज अठरा महिन्यांत फेडावयाचे म्हटले, तर मुद्दलाचाच हप्ता दरमहा साडेपाच हजारांवर जातो. न लागणारे यंत्र घरात आले, तर तो हप्ता कारागिराच्या पोटातून जातो. म्हणून निवडीचा विचार कर्जाच्या अर्जाआधी झाला पाहिजे.

ओल्या चामड्याची विद्या जुनीच

ओले चामडे साच्यावर दाबून वाळविले की तो आकार धरून ठेवते, हे ज्ञान आपल्याकडे नवीन नाही. जालना आणि सोलापूर येथे सुधारलेल्या हातपंपांच्या परंपरेतून १९७०च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ हा पंप तयार झाला. त्याच्या दट्ट्यावर आधी चामड्याची वाटीसारखी वॉशरे असत. पुढे नायट्राइल रबराची आली. चामड्याची ती वाटी म्हणजे ओल्या चामड्याला साच्यात दिलेला आकारच होय. गावोगावी हापशीने पाणी वर आणले, त्यात या विद्येचाही वाटा होता.

मात्र प्रत्येक चामडे या कामाला चालत नाही. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले चामडेच पाण्याने मऊ होऊन वाळल्यावर आकार धरते. क्रोमने कमावलेले मऊ चामडे कितीही दाबले, तरी बहुधा पूर्ववत होते. पंप उत्तम आणि चामडे चुकीचे, असे झाले तर सारा खर्च वाया गेला म्हणून समजावे.

दाब पंपाचा नव्हे, हवेचा

निर्वात पद्धतीचे मर्म एका वाक्यात सांगता येईल : दाब पंप देत नाही, हवा देते. आपल्या डोक्यावरील हवेचा भार दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलोग्रॅम आहे. तो सर्व बाजूंनी सारखा असल्यामुळे जाणवत नाही. पिशवीतील हवा काढून घेतली की आतला आधार जातो आणि बाहेरची हवा पिशवीला साच्यावर दाबते. सतराव्या शतकात जर्मनीतील मॅग्डेबर्ग शहराचे नगराध्यक्ष ओटो फॉन गेरिके यांनी धातूचे दोन अर्धगोल एकमेकांस लावून आतील हवा काढली, तेव्हा घोडे जुंपूनही ते सहजी सुटेनात. त्या अर्धगोलांची सांध हवाबंद करावयास त्यांनी वापरली होती ती चामड्याचीच कडी!

आता आपला हिशेब करू. वीस सेंटीमीटर रुंद व तीस सेंटीमीटर लांब साच्याचे क्षेत्रफळ सहाशे चौरस सेंटीमीटर होते. आतली निम्मी हवा काढली, तरी त्यावर सुमारे तीनशे किलो, म्हणजे तीन क्विंटल भार येतो. नव्वद टक्के हवा काढली तर तो साडेपाच क्विंटलच्या आसपास जातो. पहिले तीन क्विंटल हाताच्या पंपानेही मिळू शकतात. पुढच्या अडीच क्विंटलसाठी मोटार, तेल आणि वीज लागते. चष्म्याच्या घराला किंवा पातळ पाकिटाला पहिल्या भाराने काम भागते. तीन मिलिमीटरहून जाड चामड्यावर ठळक कंगोरे हवे असतील, तरच दुसऱ्याचा विचार करावा. आणि तेथेही शेवटचा उठाव गुळगुळीत लाकडी पट्टीने हातानेच द्यावा लागतो.

कोणते साधन, कोणासाठी?

सर्वांत स्वस्त प्रारंभ म्हणजे कपडे वा गाद्या साठविण्यासाठी मिळणारी, झडप असलेली प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यासोबतचा हातपंप. सायकलचा जुना पंपही चालतो. त्याचे वॉशर उलटे बसवून एकमार्गी झडप जोडली की हवा भरणारा पंप हवा ओढू लागतो. सायकल दुरुस्त करणाऱ्याला हे काम कठीण नाही.

घर झाडण्याच्या व्हॅक्युम क्लीनरचा मोह पुष्कळांना पडतो. पण तो हवा भराभर ओढतो, खोलवर ओढीत नाही. वातावरणाच्या पाचव्या भागाच्या आसपास त्याची ओढ संपते. शिवाय त्याची मोटार वाहत्या हवेने थंड राहते. बंद पिशवीला जोडून चालू ठेवली तर तापून जळते. खाद्यपदार्थ पिशवीत बंद करण्याचे यंत्र लहान वस्तूंना पुरते, परंतु पिशवीची रुंदी मर्यादित आणि नव्या पिशव्यांचा खर्च कायमचा.

वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करणाऱ्यांचा लहान पंप काही हजार रुपयांत मिळतो आणि हवा जवळजवळ पूर्ण काढतो. नियमित मागणी असलेल्या कारागिराला तो योग्य आहे. मात्र तो कोरड्या हवेसाठी बनविलेला असतो. ओल्या चामड्याची वाफ त्याच्या तेलात मिसळली की तेल पांढुरके होते आणि आतील भाग गंजतात. म्हणून पिशवी आणि पंप यांच्यामध्ये जाड पीव्हीसी नळाचा, दोन्ही तोंडे बंद केलेला तुकडा पाणी अडविण्यासाठी बसवावा आणि तेल वेळोवेळी बदलावे. मोडीत निघालेल्या फ्रीजचा कॉम्प्रेसरही हवा ओढतो. परंतु अनेक फ्रीजमधील वायू ज्वालाग्राही असतो. तो जाणकार तंत्रज्ञाकडूनच मोकळा करून घ्यावा. ओल्या हातांचे काम असल्याने अर्थिंगची खात्री केल्याखेरीज कोणतीच मोटार चालवू नये.

दूध काढण्याच्या यंत्राचा निर्वात पंप हा आपल्या भागास विशेष लक्षात घेण्याजोगा पर्याय आहे. तो साधारणतः अर्ध्या वातावरणाच्या ओढीवर चालतो आणि ओलसर हवेची त्याला सवय असते. दोन धारांच्या मधल्या वेळेत तो रिकामा असतो. गोठ्याचा मालक व कारागीर यांची बोलणी झाली, तर नवा पंप घेण्याची गरजच उरत नाही. त्यासाठी पिशवीची स्वतंत्र नळी ठेवावी. दुधाच्या नळ्यांना हात लावू नये.

आणि एक पर्याय निर्वाताविनाच आहे. सपाट तळाची, एकाच मापाची पुष्कळ पाकिटे करावयाची असतील, तर लाकडी ठोकळा आणि त्याच्या मापाने कापलेली फळी यांच्यामध्ये चामडे दाबून शिकंजा आवळणे सर्वांत स्वस्त. उंचसखल आकार आणि प्रत्येक नग निराळा, तेथेच निर्वात पद्धत खरी उपयोगी पडते.

आधी मापक, मग मोटार

म्हणून माझी शिफारस अशी की, पहिली खरेदी मोटारीची नसावी; चांगली पिशवी, झडप आणि निर्वातमापक यांची असावी. हवा काढून झडप बंद करावी आणि पाच मिनिटे मापकाच्या काट्याकडे पाहावे. काटा जागीच राहिला तर हातपंप पुरेसा आहे. काटा घसरला तर गळती शोधावी; गळकी पिशवी मोठ्या पंपाने सुधारत नाही, केवळ विजेचे देयक वाढते. भंडारा समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे येथे पूर्ण निर्वातही पाऱ्याच्या ७४० मिलिमीटरच्या आसपासच दिसेल. ७६०ची हमी देणाऱ्या विक्रेत्याकडे सावधपणे पाहावे.

साचा भरीव लाकडाचा असावा. पिशवी सर्व बाजूंनी दाबते. पोकळ साचा चेपतो, काचेची वस्तू फुटते आणि खरा मोबाइल आत ठेवणे बॅटरीमुळे धोक्याचे असते. चामडे कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवावे. उकळते पाणी वापरू नये, त्याने ते आक्रसते. चामड्यावर सुती कापड ठेवले म्हणजे हवा कोठे अडकत नाही. अर्धा-पाऊण तास दाब ठेवून पिशवी काढावी व चामडे साच्यावरच, सावलीत, पूर्ण वाळू द्यावे. वैशाखातील आपल्याकडील ऊन या कामाचे मित्र नव्हे.

आपले कर्तव्य

ग्रामपंचायत सदस्यांनी पडताळणीची सही करताना कारागिराला एवढेच विचारावे : महिन्याला किती नग विकले जाणार आहेत? उत्तर दहा-वीस असेल तर हातपंप सुचवावा. शेकड्यात असेल तर मोटारीचा विचार करावा. चार-पाच कुटुंबे जवळ असतील तर एक पंप सामाईक घ्यावा आणि साचे ज्याचे त्याने करावेत. अधिकाऱ्यांनी प्रशिक्षणात महागड्या यंत्राचे प्रात्यक्षिक दाखवून थांबू नये. हातपंपावर तयार झालेली वस्तूही दाखवावी. शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला वातावरणाचा दाब शिकविताना गावातील चर्मकाराला शाळेत आदराने बोलवावे. ज्या हातांना गावाने दीर्घकाळ दूर ठेवले, ते हात फळ्यावरचे विज्ञान करून दाखवीत आहेत, हे मुलांनी पाहिले तर त्यांना दोन धडे एकदम मिळतील.

हवा सर्वांना फुकट आहे आणि तिचा भारही. कारागिराने पैसे मोजावयाचे ते फक्त ती पिशवीबाहेर काढण्यासाठी. तो खर्च त्याच्या मिळकतीच्या मापाचा असावा, याची काळजी आपण सर्वांनी घ्यावी, ही विनंती.