जुना ईएलसीबी नव्या वायरिंगला चालेल का?



पावसाळा सरला की गावात घरांची कामं निघतात. कुणी मागे न्हाणीघर बांधतं, कुणी घरघंटी बसवतं, कुणी गिझर घेतं. त्यासाठी नवी वायर ओढावी लागते. अशा वेळी आपण वायरमनला म्हणतो, "दादा, बोर्डातला जुना ईएलसीबी चांगला आहे, तोच बसवा." हजार-दोन हजार वाचतात. पण तो खरंच चालेल का, हे कसं ठरवायचं ते आज बघू.

आधी तो करतो काय? फेजच्या तारेतून जेवढा करंट येतो, तेवढाच न्यूट्रलमधून परत जायला हवा. गिझरची कॉइल फुटली किंवा उघड्या वायरला कुणाचा हात लागला, की काही करंट जमिनीत जातो. हा फरक ओळखून यंत्र क्षणार्धात वीज तोडतं. माणूस वाचवायला 30 मिलीअँपिअरचं यंत्र लागतं. 9 वॉटचा एलईडी दिवासुद्धा त्याहून जास्त करंट घेतो. शेजारचा एमसीबी मात्र 16 अँपिअरचा, म्हणजे 16,000 मिलीअँपिअरचा. तो वायर जळू नये म्हणून असतो. माणसाला शॉक बसला तरी तो पडत नाही.

आता जुन्या यंत्राची पारख.

पहिली गोष्ट, अर्थिंगची वायर त्या डब्यातूनच गेली आहे का? गेली असेल तर तो फार जुन्या पद्धतीचा ईएलसीबी. ओल्या जमिनीवर उभ्या बाईच्या अंगातून करंट गेला, तर त्याला तो कळत नाही. तो काढून आरसीसीबीच बसवा. दुकानात आरसीसीबीलाही ईएलसीबी म्हणतात, म्हणून नावावर जाऊ नका.

दुसरी, त्यावरचे आकडे वाचा. 30 मिलीअँपिअर किंवा 0.03 अँपिअर लिहिलेलं हवं. 100 किंवा 300 असेल तर तो आगीपासून जपायला ठीक, माणसासाठी नाही. शिवाय 25, 40, 63 असा अँपिअरचा आकडा असतो. गिझर आणि घरघंटी वाढल्यावर तो पुरेल का, हे वायरमनला विचारा. वॉशिंग मशीनसारख्या इलेक्ट्रॉनिक वस्तू असतील तर 'ए' प्रकारचा लागेल का, तेही विचारा.

तिसरी, टेस्टचं बटण. वीज चालू असताना ते दाबलं की खटका लगेच खाली पडायला हवा. नाही पडला तर यंत्र निकामी. वर्षानुवर्षं न हललेला खटका आतून अडकून बसतो. बटणाला पडला तरी तो किती वेळात पडतो हे मीटरनेच कळतं; वायरमनकडून ती तपासणी करून घ्या. डबा जळालेला, तडकलेला किंवा पाणी शिरलेला असेल तर तपासत बसू नका, बदला.

एक गोष्ट नेहमी घडते. नवीन खोलीची न्यूट्रल दुसरीकडून जोडली जाते आणि ईएलसीबी सारखा पडतो. मग कुणीतरी म्हणतं, "हाच खराब आहे, बायपास करून टाकू." बायपास मुळीच करू देऊ नका. बायपास केलेला ईएलसीबी बोर्डात दिसतो, पण वाचवत कुणालाच नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्याच यंत्रातून गेले आहेत का, हे आधी तपासायला सांगा.

अर्थिंग मात्र हवंच. टेस्टच्या बटणाने अर्थिंगची परीक्षा होत नाही.

मैत्रिणींनो, बोर्ड उघडणं हे परवाना असलेल्या वायरमनचं काम. पण आकडे वाचणं आणि महिन्यातून एकदा बटण दाबणं आपल्याला जमतं. गटाच्या बैठकीची तारीख लक्षात राहते ना? त्याच दिवशी घरातलं बटणही दाबा. ज्या घरात खटका पडला नाही, तिथे आधी वायरमनला बोलवा, गिझर नंतर घ्या.