काकांची झोप आणि माझा पखवाज

मी चिखलीतून बोलतेय. कॉलेज सुटलं की पखवाजाचा क्लास, उरलेल्या वेळात चित्रकलेची वही. अडचण एकच. शेजारचे काका चाकणला नाइट शिफ्ट करतात, दिवसा झोपतात. आणि पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावली की असा घुमतो, की भिंत आहे की नाही तेच कळत नाही!

मग मी नुसती पढंत करते, हातावर टाळी धरत. चौताल, मात्रा १२: धा धा दिं ता, किट धा दिं ता, तिट कत गदि गन. वहीत १२ चौकोन काढलेत. १, ५, ९, ११ टाळीचे, ते लाल. ३ आणि ७ खालीचे, ते कोरे. खरं सांगू? लय अशी डोळ्यांनी दिसल्यावरच माझी सातवी मात्रा चुकायची थांबली.

परवा काका जिन्यात भेटले. "काय गं, वाजवणं सोडलंस? रविवारी मला सुट्टी असते, तेव्हा वाजव की!"

आईला सांगून ठेवलंय, रविवारी कणीक जरा जास्त मळ.