नांव एक, क्रमांक दोन

बँकेंतील खातें असो कीं रेल्वेचें आरक्षण असो, त्याची नोंद आतां एकाच यंत्रावर विसंबून ठेवीत नाहींत. एका सर्व्हरवरील डेटाबेसची प्रत दुसऱ्यावर अखंड होत असते. यास रेप्लिकेशन म्हणतात. पहिला बंद पडला, कीं दुसऱ्यानें त्याची गादी चालवावी, हा हेतु. परंतु नेमक्या त्या घटकेस कधीं कधीं एक विलक्षण प्रकार घडतो. सर्व नोंदी जागच्या जागीं असतात, वापरणाराचें नांवहि असतें, आणि तरीहि त्यास दार बंद!

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्यें याचें कारण स्पष्ट दिसतें. तेथें माणसाची नोंद दोन ठिकाणीं असते. सर्व्हरमध्यें शिरण्याचा परवाना म्हणजे लॉगिन. तें 'मास्टर' या मध्यवर्ती डेटाबेसमध्यें राहतें. विशिष्ट डेटाबेसमधील अधिकार 'युजर' या नोंदीवर असतात. या दोहोंना जोडणारा दुवा नांव नव्हे, तर एसआयडी हा ओळखक्रमांक होय. प्रतीबरोबर युजर जातो. लॉगिन मागें राहतें. दुसऱ्या सर्व्हरवर त्याच नांवाचें लॉगिन नव्यानें केलें, तर त्यास निराळाच क्रमांक मिळतो. एकाच नांवाचे दोन गृहस्थ असले, म्हणून एकाची मनीऑर्डर दुसऱ्यास मिळत नाहीं, तसेंच हें. असा युजर पोरका होतो.

घाईंत तो काढून पुन्हां निर्माण केला, तर त्यास दिलेले अधिकारहि जातात. 'अल्टर युजर' ही आज्ञा दुवा जोडते. पण २०१२ च्या आवृत्तींत आलेल्या ऑलवेज ऑन व्यवस्थेंत ती पुरी पडत नाहीं. तेथें दुय्यम प्रतींत लिहितां येत नाहीं. सूत्रें हातीं आल्यावर केलेली दुरुस्ती जुन्या सर्व्हरवरहि पोंचते, आणि कारभार तिकडे परतला कीं तेथील दुवा तुटतो.

खरा उपाय आधींच करावयाचा आहे. दुय्यम सर्व्हरवर लॉगिन निर्माण करतांना मूळचाच एसआयडी व तोच पासवर्ड द्यावा. विंडोज डोमेनच्या खात्यांस सर्वत्र एकच क्रमांक असल्यानें त्यांना ही अडचण येत नाहीं. डेटाबेसच्या मालकाचा क्रमांक मास्टरमध्यें एक व डेटाबेसमध्यें दुसरा निघाला, तर 'अल्टर ऑथरायझेशन' या आज्ञेनें मालकी पुन्हां ठरवावी. २०२२ च्या आवृत्तींत लॉगिनेंहि प्रतीबरोबर नेणारी सोय झाली आहे. ती नसेल तेथें दोन्हींकडील क्रमांक वरचेवर ताडून पाहावे, आणि सत्तांतराची रंगीत तालीम संकटापूर्वींच करावी. नांवें जुळलीं, एवढ्यावर समाधान मानूं नये.