रेमोला कुठल्या खणात ठेवायचं?

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या पंचवीस वर्षांत या हॉलमध्ये पाण्याची टाकी, पार्किंग आणि लिफ्टचा खर्च यांवर पुष्कळ भाषणं झाली. या वेळी समितीनं गाण्यावर बोलायला सांगितलं, म्हणून मी खूश आहे. विषय मात्र मी थोडा अडचणीचा घेतलाय. गोव्याचा रेमो फर्नांडिस हा गायक नेमका कुठल्या प्रकारात बसतो? एकेरी उल्लेख करतोय तो प्रेमापोटी. आपण लता म्हणतो, आशा म्हणतो, तसाच.

आधी माणूस कोण ते पाहू. रेमोचा जन्म १९५३ चा, घर बार्देशातल्या शिवोलीचं. तो जन्मला तेव्हा गोव्यात पोर्तुगीज राज्य होतं आणि गोवा मुक्त झाला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. म्हणजे घरादारात कोकणी, कानावर पोर्तुगीज गाणी आणि तरुणपणी बीटल्सचा जमाना. ज्या शिवोलीत जागर हिंदू आणि ख्रिस्ती मिळून साजरा करतात, त्या गावचा हा मुलगा. पुढे तो मुंबईच्या जे. जे. मध्ये आर्किटेक्चर शिकला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस गिटार आणि बासरी घेऊन युरोप आणि उत्तर आफ्रिकेत भटकला. मग गावी परतला आणि १९८४ मध्ये 'गोवन क्रेझी' हा अल्बम त्यानं घरातच रेकॉर्ड केला. शब्द त्याचे, चाल त्याची, वाद्यं त्यानंच वाजवलेली, आवाजही त्याचाच.

आता त्याची कॅसेट दुकानात कुठे ठेवायची? भाषा इंग्रजी, म्हणून 'पाश्चात्त्य'च्या कपाटात? पण गाण्यात गोव्याचं गाव, तिथली माणसं, तिथली थट्टा. बरं, 'कोकणी'च्या कपाटात ठेवावी, तर तो पोर्तुगीजमध्येही गातो. गोव्याची जुनी पारंपरिक गाणीही त्यानं स्वतःच्या पद्धतीनं गायली. श्याम बेनेगलांच्या 'त्रिकाल'मध्ये तो गाताना दिसतो. १९८६ चा 'पॅक दॅट स्मॅक' हा अल्बम अमली पदार्थांच्या विरोधात, तेव्हा ते प्रबोधन म्हणायचं का? आणि 'बॉम्बे' चित्रपटातलं हिंदी 'हम्मा हम्मा' किंवा 'खामोशी'मधलं 'हुइया हो' तर आपल्या हळदीपासून गणपतीच्या मिरवणुकीपर्यंत सगळीकडे वाजलंय. नव्वदच्या दशकात 'इंडीपॉप' हा शब्द बोकाळला, तेव्हा त्याचं 'ओ मेरी मुन्नी' त्या खणात गेलं. पण त्या शब्दाची चलती होण्याच्या किती तरी आधीपासून हा माणूस स्वतःची गाणी करत होता. २००७ मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. खण मात्र मिळाला नाही.

यावर कुणी म्हणेल, अहो, कशाला हवेत खण? गाणं ते गाणं! मला हे पटत नाही. नावं लागतात. आपल्या वाचनालयातली पुस्तकं विषयवार लावली नसती, तर रविवारी एक पुस्तक शोधायला दुपार गेली असती. नाव म्हणजे शोधण्याची सोय. प्रश्न एवढाच, की ही नावं पडतात कशी?

आपल्या मराठीतलीच घ्या ना. भूपाळी म्हणजे पहाटे गायचं गाणं, तिथे वेळेवरून नाव पडलं. नाट्यगीत म्हणजे नाटकातलं, तिथे जागेवरून. पोवाडा पराक्रमाचा, तिथे विषयावरून. ओवीचं नाव छंदावरून, भावगीताचं भावनेवरून. म्हणजे पाच नावं आणि पाच वेगळ्या फूटपट्ट्या! एखादं गाणं एकाच वेळी दोन-तीन नावांत बसू शकतं आणि एखादं कुठल्याच नावात बसत नाही. यात गाण्याचा दोष नाही, फूटपट्ट्या वेगवेगळ्या आहेत इतकंच.

आणखी एक गंमत बघा. ज्याला आपण आज शुद्ध समजतो, ते एके काळी भेसळच होतं. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, तेव्हा पदांना साक्या, दिंड्या, लावणीच्या चाली, असं जिथून मिळेल तिथून घेतलं. तेव्हा त्याला नाट्यसंगीताचा खण नव्हता. त्याच वाटेनं मागून अनेक जण गेले आणि मग खण तयार झाला. गोव्याचा मांडोसुद्धा तसाच. शब्द कोकणी, साथीला आपलं घुमट, सोबत व्हायोलिन आणि सुरांची मांडणी पाश्चात्त्य वळणाची. आज कुणी मांडोला 'मिश्र' म्हणत नाही. मांडो म्हणजे मांडो.

मग रेमोचा प्रकार का झाला नाही? माझ्या मते उत्तर सरळ आहे. प्रकार हा अनेकांचा असतो. एकाच पायवाटेनं शंभर माणसं गेली, की तिचा रस्ता होतो. पोर्तुगीज गोव्यात जन्म, मुंबईत आर्किटेक्चर, युरोपात भटकंती, शिवोलीत मुक्काम आणि पुन्हा शब्द, सूर, वाद्यं, गळा सगळं एकाच माणसाचं, हा रस्ता दुसऱ्या कुणाला चालताच आला नसता. म्हणून तिथे रस्ता झाला नाही, पायवाटच राहिली. आणि पायवाटेला चालणाऱ्याचंच नाव पडतं.

यातूनच मला एक साधा तोडगा सापडला. लेबल गाण्याला लावावं, गायकाला लावू नये. रेमोचं एकेक गाणं घेतलंत, तर अडचण येत नाही. हे रॉक, हे मांडोच्या वळणाचं, हे सिनेमाचं. तुम्ही माणसालाच डब्यात घालायला जाता, तेव्हा झाकण बसत नाही.

आता मंडळी, हे सगळं मी आज का सांगतोय? आपल्या गणेशोत्सवातल्या गायन स्पर्धेचा फॉर्म आठवा. त्यात 'गीतप्रकार' असा रकाना आहे. भावगीत, भक्तिगीत, नाट्यगीत, चित्रपटगीत, यांतला एक निवडायचा. गेल्या वर्षी आपल्याच एका विंगमधल्या बारावीतल्या मुलानं तो रकाना कोरा ठेवला. स्वतः लिहिलेलं गाणं म्हणणार होता तो. अर्धं मराठी, मध्येच त्याच्या आजीची मालवणी, साथीला युकुलेली. फॉर्म 'अपूर्ण' म्हणून परत गेला. समितीचा हेतू वाईट नव्हता. परीक्षकांना गुण देताना सोपं जावं, म्हणून तो रकाना आहे, हे मला ठाऊक आहे. पण तो मुलगा त्या वर्षी गायला नाही. या वर्षी तो फॉर्म न्यायलाही आला नाही.

मी त्याचं गाणं जिन्यात ऐकलंय. मोठं होऊन तो रेमो होईल, असा दावा मी करत नाही. कदाचित बँकेत लागेल आणि युकुलेली माळ्यावर जाईल. पण ती माळ्यावर जावी की नाही, हे आपल्या फॉर्मच्या एका रकान्यानं ठरवू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

म्हणून समितीला माझी विनंती आहे. स्पर्धेत 'स्वरचित' हा पाचवा गट घाला. त्यात भाषेची अट नको, वाद्याची नको, तालाची नको. वेळेची अट खुशाल घाला, पाच मिनिटं पुरेत. या गटात परीक्षकांनी प्रकार बघायचा नाही, फक्त दोन गोष्टी बघायच्या. शब्द आणि सूर एकमेकांचे वाटतात का? आणि हे गाणं दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, तर असंच झालं असतं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं, तर भरघोस गुण द्या. पहिल्या वर्षीच्या बक्षिसाचा खर्च मी आनंदानं करीन.

आणि तेवढा फॉर्म या वेळी कुणी तरी त्याच्या घरी नेऊन द्या. आपणहून येईल, याची वाट बघू नका.