वह्या अनेक, माणूस एकच
(वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला ‘सरकारी योजना आणि आपण’ हा विषय दिला आहे. सगळ्या योजना वाचत बसलो तर भोजनदानाची वेळ टळेल, म्हणून एकाच गोष्टीवर बोलतो. योजना पुष्कळ आहेत. त्या ज्या वह्यांत लिहिल्या जातात, त्या वह्या मात्र एकमेकींशी बोलत नाहीत.

वस्तीतली एकटी राहणारी म्हातारी घ्या. तिचं श्रावणबाळचं अनुदान तहसील कचेरीत, रेशनकार्ड दुसऱ्या ऑफिसात, औषध पालिकेच्या दवाखान्यात. बाई एकच, पण प्रत्येक टेबलावर तिनं नव्यानं सिद्ध करायचं की मी गरीब आहे, आणि अजून जिवंत आहे! आम्हा गिरणीवाल्यांना याचं नवल वाटतं. बीम साचेखात्यात गेला की त्याच्याबरोबर त्याची चिठ्ठी जाते. सूत कुठलं, तार किती, सगळं तिच्यावर असतं. सुताची एवढी काळजी घेता येते, मग माणसाची का नाही?

केरळात ते करून पाहिलं. २०२१ पासून ग्रामपंचायती आणि नगरपालिकांनी वॉर्डावॉर्डात बसून अतिगरीब घरं हुडकली. अन्न, आरोग्य, उत्पन्न आणि निवारा ही चार मापं लावली. ६४,००६ घरं निघाली, माणसं एक लाखावर. त्यातल्या २१ हजारांहून अधिक जणांना रेशनकार्ड, आधार असे साधे कागद आधी काढून द्यावे लागले. म्हणजे ज्याला सर्वात जास्त गरज तोच कुठल्याच वहीत नव्हता. मग प्रत्येक घराची वेगळी योजना लिहिली. कुणाला औषध, कुणाला शिजवलेलं अन्न, कुणाला घर. ते ज्या त्या खात्यानं त्याच कागदावरून द्यायचं. १ नोव्हेंबर २०२५ रोजी राज्य अतिगरिबीमुक्त झाल्याची घोषणा झाली. तिच्यावर अर्थतज्ज्ञांनी शंकाही घेतल्या, आणि त्या घ्यायलाच हव्यात. मला त्या हिशेबातला वेगळाच आकडा टोचतो. मदत पूर्ण होईतो ४,४२१ घरं, बहुतेक एकट्या माणसाची, मरणानं मिटली. २६१ भटकी कुटुंबं पुन्हा सापडलीच नाहीत. पालावरच्या माणसाला कोणता वॉर्ड आपला म्हणणार?

आता दुसरी बाजू. तेलंगणातही वह्या जोडल्या, ‘समग्र वेदिका’ नावाच्या संगणक व्यवस्थेत. तिथं मात्र गरजू शोधण्यापेक्षा नावं गाळण्याकडे ओढा राहिला. २०१४ ते २०१९ या काळात १८ लाखांहून अधिक रेशनकार्डं नोटीस न देता रद्द झाली. संगणकानं एका रिक्षा ओढणाऱ्याच्या नावावर मोटारगाडी दाखवली. गाडी दुसऱ्याची होती, नावं सारखी होती! त्या घराचं धान्य गेलं. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्यक्ष तपासणी करायला सांगितलं, तेव्हा तपासलेल्या सुमारे दोन लाख अर्जांत पंधरा हजारांवर लोक पात्र निघाले. मधल्या वर्षांचं धान्य त्यांना कोण देणार?

संगणक दोन्हीकडे होता. केरळात मात्र वस्तीतल्या लोकांपुढे यादी आली, दार ठोठावणारं कुणी होतं. म्हणून मी जोडलेल्या याद्यांच्या विरोधात नाही, पण अटी घालतो. नाव गाळायचं तर आधी घरी या, लेखी कारण द्या. आणि प्रत्येकाला सगळं दाखवू नका. घरात क्षयरोगी आहे हे दवाखान्यानं जाणावं. रेशन दुकानदाराला एवढंच कळावं की या घराला धान्य द्यायचं आहे. नाहीतर मदतीच्या नावाखाली चाळीभर बोभाटा व्हायचा.

आपल्या वॉर्डात हे कुणी आपणहून करणार नाही. अंगणवाडीताई, आशाताई आणि रेशन समितीवरच्या महिला, तिघींना एका सतरंजीवर बसवा. ज्यांची कार्डं बंद पडली आहेत त्यांनी ती फेकू नयेत, रविवारी सकाळी विहारात घेऊन यावीत. अर्ज लिहायला आम्ही बसणार आहोत. पेन आमचे, झेरॉक्सचे पैसे मंडळाचे.