एसी घेण्याआधी गच्चीवर चला

मंडळींनो, एप्रिल-मेमध्ये आम्हा सरकारी नोकरांची कचेरी सकाळी ८ ते दुपारी १.३० असते. बीदर-कलबुर्गीचं ऊन बंगळुरूनेही मान्य केलंय म्हणा ना! पण वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनी दुपारचं जायचं कुठे?

कोरड्या उन्हात कूलर छान चालतो. मृग लागला, हवा दमट झाली की नुसती चिकचिक. म्हणून एसी. तो जुना होऊन गार करेनासा झाला की दुकानदार सांगतो, दीडऐवजी दोन टनाचा घ्या. आम्ही म्हणतो, आधी गच्चीवर चला. (टन म्हणजे यंत्राचं वजन नव्हे बरं का; ताशी सुमारे १२,००० बीटीयू उष्णता बाहेर टाकण्याची ताकद.) आजोबांच्या माळवदावर मातीचा जाड थर होता, दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. आपला सिमेंटचा स्लॅब पातळ. लवकर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत खोलीत धग सोडत राहतो. त्याला चुन्याचे दोन हात द्या, पांढरा रंग बरंचसं ऊन परतवतो. मग किती टन लागतो ते पाहा.

नवा एसी बसवताना बाहेरचं युनिट कोंडलेल्या बाल्कनीत ठेवू नका, ते स्वतःचीच गरम हवा ओढत बसतं. अर्थिंग तपासून घ्या. २०२० पासूनचे स्टारवाले एसी सुरूच होतात २४ वर. तिथेच राहू द्या, जोडीला पंखा.

ज्या घरी दोघंच वयस्कर आहेत, त्यांनी मंडळात नाव द्यावं. शिवरात्रीनंतरच्या रविवारी आम्ही चुना आणि कुंचे घेऊन येऊ. होळी उलटली की गच्चीवर पाय ठरत नाही.