इनामगावची पांढरी



आपल्याकडे गावाच्या जमिनीला दोन नावं आहेत. जी नांगरायची ती काळी आणि जिच्यावर घरं उभी राहतात ती पांढरी. पांढरी मुळात पांढरी नसते. चुलीतली राख, गोठ्यातलं शेण, पडलेल्या भिंतींची माती, फुटकी खापरं असं पिढ्यान्‌पिढ्या साचत जातं आणि जमिनीचा रंग पालटतो. पांढरी ही माणसांच्या राबत्यातून तयार झालेली माती आहे. आज मला अशाच एका पांढरीबद्दल बोलायचं आहे.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या उजव्या काठावर इनामगाव आहे. गावाबाहेर नदीकडेला काही टेकाडं आहेत. तिथे १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झैनुद्दीन अन्सारी यांचं हे काम. एखादा खड्डा घेऊन चार भांडी उचलायची, असं त्यांनी केलं नाही. अख्खं गाव कसं नांदत होतं ते पाहायचं ठरवलं आणि सव्वाशेहून अधिक घरं उघडी केली. महाराष्ट्रातल्या आद्य शेतकऱ्यांचा संसार इतक्या जवळून दाखवणारी दुसरी जागा माझ्या माहितीत नाही.

पहिली कुटुंबं इथे आली ती इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास. त्यांची भांडी माळव्याशी नातं सांगतात. नदीचं पाणी, काठाची काळी जमीन आणि पुराच्या वर राहील असा उंचवटा पाहून त्यांनी घरं घातली. खाली बुटकी मातीची भिंत, वर कुडाचं लिंपण, त्यावर गवताचं छप्पर. तांबं होतं, पण थोडं. रोजच्या कापाकापीला गारगोटीसारख्या दगडाची पाती. शेतात जव, गहू, मसूर, वाटाणा आणि हुलगा. हुलग्याचं माडगं आपण आजही पितो.

इसवी सनापूर्वी १४०० ते १००० हा या गावाचा भरभराटीचा काळ. संगमनेर तालुक्यातल्या प्रवरेकाठच्या जोर्वे गावावरून याला जोर्वे संस्कृती म्हणतात. तांबूस भांडी, त्यांवर काळी रेघांची नक्षी आणि बाजूला तोटी, ही तिची ओळख. घरं आता ओळीत बांधलेली, मधून बोळ. कुंभार वगैरे कारागीर गावाच्या पश्चिम कडेला राहत, सधन शेतकरी मध्यभागी. गावाच्या मधोमध पाच खोल्यांचं मोठं घर आणि त्याला लागूनच धान्याचं कोठार. हे घर गावच्या मुख्याचं असावं, असं उत्खनन करणाऱ्यांचं मत आहे. घराघरांत कणग्यांचे ओटे होते, चुन्याने लिंपलेली पेवं होती. आणि गावाला पाट होता! चार मीटर रुंद, साडेतीन मीटर खोल, त्याच्या बाजूने दगडमातीचा बांध. तीन हजार वर्षांपूर्वी, लोखंडाचं अवजार हाती नसताना, या माणसांनी तो खणला. एका घराचं हे काम नव्हे. सगळं गाव राबल्याशिवाय असा पाट होत नाही.

पण इनामगाव म्हटलं की माझं मन थांबतं ते लहान मुलांपाशी. मूल दगावलं की त्याला दोन कुंभांत ठेवत. कुंभांची तोंडं एकमेकांना भिडवून, ते आडवे करून घराच्याच जमिनीखाली पुरत. आईच्या वावरण्याच्या जागेखाली, चुलीपासून चार पावलांवर. मोठ्या माणसांना उत्तरेकडे डोकं करून निजवत आणि घोट्याखाली पाय तोडत. गेलेल्या माणसाने घर सोडून दूर जाऊ नये म्हणून हे करत असावेत, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. मला तो पटतो. वाचताना अंगावर काटा येतो, पण त्यामागची माया कळते.

एका माणसाचे पाय मात्र शाबूत सापडले. त्याच पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचा, मातीचा मोठा रांजण होता आणि त्यात बसवलेला पुरुष. सोबतच्या एका भांड्यावर लांब वल्ह्यांची होडी रंगवलेली होती. दुसऱ्या एका घराच्या जमिनीखाली मातीच्या डबीत बाईची एक मूर्ती मिळाली. तिला डोकं नाही. तिच्यासोबत मातीचा बैल. बाईच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. दोन्हींत काडी बसवली की ती बैलावर स्वार होते. अशी मूर्ती, बहुधा देवीची, घरच्या जमिनीखाली का जपून ठेवली असेल? मला आपल्याकडची पाचवी आठवते, बाळंतिणीच्या खोलीतली सटवाई आठवते. हे नातं सिद्ध करता येणार नाही, पण मुलं जगावीत ही धडपड तीच आहे.

इसवी सनापूर्वी १००० नंतर गावाचे दिवस फिरले. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. भांड्यांची घडण उतरली. शेती कमी झाली, शिकार वाढली. ढवळीकरांच्या मते पाऊसमान घटलं आणि शेतीचा आधार सुटला. पर्जन्यछायेतल्या शिरूरकरांना हे वेगळं समजावायला नको. तरीही लोक लगेच उठून गेले नाहीत. तीनशे वर्षं त्यांनी तग धरला. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास पांढरी ओस पडली.

त्या वस्तीचं स्वतःचं नाव काय होतं, ते मातीत उरत नाही. इनाम हा शब्द अरबी-फारसीतून मराठीत आला. म्हणजे इनामगाव हे नाव त्या जुन्या माणसांच्या कितीतरी शतकांनंतरचं. घोड नदीच्या काठी पुन्हा गाव वसलं, पुन्हा काळीत पेरणी झाली, आज तिथल्या रानांत पाटाचं पाणी आहे, ऊस आहे.

श्रोतेहो, महाराष्ट्रात अशा ओस पांढऱ्या अनेक गावांच्या शिवारात आहेत. ती माती खतासाठी चांगली म्हणून गाड्या, ट्रॅक्टर भरभरून शेतात नेली जाते. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. पण एका खेपेत शंभर वर्षांचा संसार निघून जातो आणि तो परत मांडता येत नाही. तुमच्या शिवारात असं टेकाड असेल, नक्षीचं खापर, दगडाची पाती, जमिनीत तोंडाला तोंड लावलेली मडकी दिसली, तर फावडं थांबवा. वस्तू जागेवरून हलवू नका. तलाठ्याला सांगा, पुरातत्त्व खात्याला कळवा, आणि गावातल्या शाळेच्या मुलांना तिथे नेऊन ती पांढरी दाखवा.